गोरक्षनाथाचा हात आणि रबराचा पडदा

मिरजगाव सोडून पूर्वेला वळलं की लिंबाच्या बागा हळूहळू विरळ होतात आणि आमचा माळ लागतो. ह्या माळावर ज्याच्या हातात पाण्याची चावी, त्याच्या हातात गावाची सकाळ. पुष्कळ वर्षं ती चावी गोरक्षनाथाच्या हातात होती. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून तो गल्लीत शिरला की बाया हंडे आणि पिंपं मांडायला लागत. तो फरशी सरकवी, खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला चावी लावी आणि फिरवी. आधी नळातून हवेचा सुस्कारा येई, मग खळखळ, मग धार. त्या सुस्काऱ्यावरून गोरक्षनाथाला कळे, पाणी कुठल्या आळीपर्यंत पोचलं ते.

"गोरखभाऊ, आमच्या आळीला पानी देता का तीर्थ?" बनुबाई दारातून ओरडे.

"तीर्थच हाय, वैनी. हंडा कशाला मांडला? वंजळ धरा."

पण गावाला त्याचं कौतुक होतं ते पाणी सोडण्याचं नव्हे, बंद करण्याचं. धार थांबली तरी गोरक्षनाथ थांबत नसे. पाय रोवून, दोन्ही हातांनी, दात आवळून तो चावीला आणखी एक पीळ देई. शेवटचा पीळ. त्यानंतर त्या व्हॉल्व्हमधून थेंब गळला असं कुणी पाहिलं नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागतं, तिथे गळता नळ म्हणजे उघड्या दाराचं कोठार. गोरखनं बंद केलं म्हणजे बंद, असं लोक म्हणत आणि निर्धास्त झोपत. हा मान त्यानं मनगटानं मिळवला होता, आणि तो त्याला मिरवायलाही आवडे.

त्याची थोरली बहीण रतनबाई. सगळ्या घराची आक्का. आई लवकर गेली तेव्हा हिनंच गोरखला न्हाऊ-माखू घातलं, कडेवर घेऊन शेरडं राखली. पुढे तिचं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला. आणि मग साखरेच्या आजारानं तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली. गोरक्षनाथ जाऊन तिला घरी घेऊन आला. त्याची बायको विजयमाला तिच्यासाठी रोज सकाळी एक तांब्या भरून ठेवी. दिवसभराचं पाणी तेवढंच. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून पिणंही मोजकं. ज्या घरातून गावाला पाणी सुटायचं, त्या घरात आक्का ओठ ओले करून बसायची.

आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी नगरला न्यावं लागे. पहाटे जीपनं मिरजगाव, तिथून एसटीनं नगर. चार तास यंत्राला जोडून पडायचं, अंगातलं साचलेलं पाणी आणि घाण काढून घ्यायची, आणि पुन्हा तोच रस्ता. परत येताना केडगावच्या बहिणीकडे टेकायचं म्हणून ती कधी कधी हट्ट धरी, कारण पुढच्या प्रवासाचं तिच्या अंगात काही उरलेलं नसे. एकदा स्टँडवरच चक्कर येऊन पडली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं जाहीर केलं,

"बास. आता नगर न्हाई. रस्त्यात मरन्यापरीस माझ्या वट्यावर मरीन."

आक्काचा शब्द म्हणजे शब्द. विजयमालानं विनवलं, गोरक्षनाथ रागावला, रडलाही. तेव्हा ती एवढंच म्हणाली, की मिरजगावातच डायलिसिसचं सेंटर निघतंय म्हणतात. तिथं सोय झाली तर येईन. न्हाई झाली तर मला पुन्हा हात धरून उठवू नका. तोवरच्या खेपा ती मुकाट्यानं करत राहिली, पण प्रत्येक खेप ही तिनं भावाला दिलेली मुदत होती.

सेंटर निघालं. एका ट्रस्टनं हायवेला लागून चार यंत्रांची खोली बांधली. तिथे पाण्याच्या कामाला माणूस हवा होता, कारण डायलिसिसला पाणी फार लागतं आणि ते साधं चालत नाही. बोअरचं पाणी गाळून, क्षार काढून, निर्मळ करून नळ्यांतून यंत्रापर्यंत न्यावं लागतं. गोरक्षनाथानं गावची चावी हाताखालच्या अजिनाथच्या हवाली केली आणि तिकडे कामाला लागला. सुरुवातीला तीन यंत्रं चालू झाली, त्यांच्या जागा लगेच भरल्या. चौथं यंत्र यायचं होतं, आणि त्यावर पहिलं नाव रतनबाईचं होतं.

तिथली टेक्निशियन मैत्रेयी. वय कोवळं, घर नगरला, बोलणं नगर-पुण्याचं स्वच्छ. तिनं पहिल्याच दिवशी गोरक्षनाथाला प्रत्येक यंत्रामागचा निळ्या चाकाचा छोटा व्हॉल्व्ह दाखवला होता.

"काका, हा तुमच्या गावासारखा नाही. हा डायफ्रामचा आहे. हलक्या हातानं उघडायचा, हलक्या हातानं मिटायचा."

"व्हय, व्हय," गोरक्षनाथ म्हणाला. वॉल म्हणजे वॉल. त्याला कोण शिकवणार?

तरी त्यानं पहिल्या तीन यंत्रांवर फार जोर केला नाही. चाकं मुठीएवढी, प्लॅस्टिकची. त्यांच्यावर जोर करायला दोन्ही हात मावतच नव्हते. पण चौथं यंत्र आलं, बसलं, पाण्याची तपासणी झाली, आणि आक्काच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते तयार करून ठेवलं, तेव्हा गोरक्षनाथ त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. हे आक्काचं. ह्यातून थेंब गळता कामा नये. त्यानं चाक मिटवलं. पाणी थांबलं. मग त्यानं कमरेचा टॉवेल चाकाभोवती गुंडाळला, त्यावर पान्हा बसवला आणि गावात वर्षानुवर्षं दिला तसा शेवटचा पीळ दिला. बहिणीसाठी म्हणून थोडा जास्तच दिला.

सकाळी आक्का आली. पायावर सूज, डोळ्यांखाली सूज, दोन पायऱ्या चढून धाप. खुर्चीवर बसली, पदर नीट केला. शेजारच्या यंत्रावर मिरजगावचे निवृत्त मास्तर दत्तोपंत आधीच जोडलेले होते.

"या रतनबाई. तुमच्या भावानं आमचं पाणी बघा कसं गोड ठेवलंय."

"तुमाला कसं कळलं, गुरुजी? ते काय प्यायला देत्यात व्हय?"

"रक्ताला कळतं हो," दत्तोपंत म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले.

मैत्रेयीनं चौथं यंत्र चालू केलं. गोरक्षनाथानं मागचं निळं चाक उलटं फिरवलं. यंत्र थोडा वेळ घुरघुरलं आणि मग ओरडू लागलं. स्क्रीनवर लाल अक्षरं: पाणी नाही. मैत्रेयीनं नळी पाहिली, कुठे दुमडली नव्हती. गाळणी पाहिली, स्वच्छ होती. पंपाचा काटा जागेवर होता, बाकीची तिन्ही यंत्रं व्यवस्थित चालली होती. फक्त आक्काच्या यंत्राला पाणी नव्हतं.

तिनं कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस परवा येणार होता. डॉक्टर आले, आक्काच्या पायावर बोट दाबून पाहिलं; खळगा पडला तो भरेना. दुसऱ्या पाळीच्या खुर्च्याही भरलेल्या होत्या. ते म्हणाले, "परवापर्यंत थांबता येणार नाही. आज संध्याकाळपर्यंत इथं झालं तर ठीक, नाहीतर यांना नगरला न्या."

"नगरला मी जानार न्हाई," आक्का म्हणाली.

"आक्का, आजच्यापुरतं..."

"गोऱ्या, तुला सांगितलं हुतं ना? मी घरी चालले." ती भिंतीला धरून उठली आणि बाहेर पडली. आमच्या गावाकडे जाणारी काळी-पिवळी जीप समोरच उभी होती. ती जाऊन तिच्यात बसली.

गोरक्षनाथ यंत्रामागे गेला. काही करायचं म्हणून त्यानं ते निळं चाक पुन्हा फिरवलं, आणि तिथेच थबकला. चाक फार हलकं फिरत होतं. उघडताना व्हॉल्व्हच्या पोटातून हाताला एक ओढ लागते, काहीतरी उचललं जातंय असं कळतं. इथे ते काहीच नव्हतं. दोरी तुटलेल्या रहाटासारखं रिकामं गरगरणं.

"ताई," तो म्हणाला. "ह्यो मी काल पान्ह्यानं आवळलाय."

मैत्रेयीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर तापला. "पान्ह्यानं? काका, मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"सांगितलं हुतं."

"मग?"

"आक्काचं हाय म्हनून."

 मैत्रेयीनं कपाट उघडून एक पाकीट काढलं. यंत्रांबरोबर आलेले व्हॉल्व्हचे जादा डायफ्राम, म्हणजे पडदे, होते त्यात, काळ्या रबराचे, तळहातावर मावतील असे. पण व्हॉल्व्ह खोलायचा तर सगळा पंप थांबवायला हवा होता, आणि बाकीच्या तिघांचं रक्त त्या क्षणी यंत्रांतून फिरत होतं. पहिली पाळी संपेपर्यंत वाट पाहणं भाग होतं.

गोरक्षनाथ खिडकीशी गेला. जीप अजून तिथेच होती. आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी बाजार नव्हता. ड्रायव्हर रामहरी टपावर हात ठेवून गावांची नावं पुकारत होता, आणि आत आक्का एकटीच बसली होती. गोरक्षनाथ तिथूनच ओरडला, "रामहरी, सीट भरूनच ने रं बाबा!"

"मग काय मोकळी नेतो? डिझेल काय तुझ्या नळाला येतं व्हय?"

दत्तोपंतांची पाळी संपली. त्यांनी दंडावरची पट्टी धरली, काठी घेतली आणि घरी न जाता ते जीपपाशी जाऊन आक्काशी बोलत उभे राहिले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र रामहरी नंतर म्हणाला, की गुरुजींनी पहिल्यांदा त्याला चहा पाजला आणि दुसऱ्यांदा भजी खायला घातली, म्हणजे जीप निघायला उशीर व्हावा.

आत पंप थांबला. खोली एकदम शांत झाली. मैत्रेयीनं हे काम प्रशिक्षणात पाहिलं होतं, स्वतःच्या हातानं केलं नव्हतं. तिनं कंपनीच्या माणसाला मोबाईलवर घेतलं आणि मोबाईल कपाटाला टेकवून ठेवला. दोघांनी हात धुतले, हातमोजे घातले. गोरक्षनाथानं चार बोल्ट सोडले आणि व्हॉल्व्हची टोपी उचलली.

 त्याला वाटलं होतं, आत पितळी चकती असेल, लोखंडी दांडा असेल, जसं गावात असतं. इथे दांडा टोपीतच राहिला होता. नळीच्या मधोमध एक बुटका उंबरठा होता आणि त्यावर काळं रबर पालथं पडलं होतं. रबराला उंबरठ्याची खोल चीर पडली होती, आणि दांड्याला धरून ठेवणारं त्याचं बोंड मुळातून उपटलं होतं. चाक उघडत होतं, दांडा वर जात होता. पण पडदा मात्र खालीच निजून पाण्याची वाट अडवत होता.

"एवढंच हाय व्हय आत?" तो म्हणाला.

"एवढंच. दांडा रबराला वरून दाबतो. रबर उंबरठ्यावर टेकलं की पाणी बंद. थोडं उचललं की थोडं पाणी, जास्त उचललं की जास्त."

"म्हंजे कांद्याला पानी देताना रबरी नळीवर पाय देतो, तसं."

"अगदी तसंच, काका. आणि तेव्हा नळीतलं पाणी तुमच्या पायाला लागतं का?"

"न्हाई लागत."

"इथे पण नाही लागत. चाकाचं ग्रीस, आट्यांतली धूळ, तुमच्या-माझ्या हाताची घाण, सगळं पडद्याच्या वर राहतं. पाणी खालून जातं. कुठे कोनाडा नाही, म्हणून ते साचून खराबही होत नाही. पुढे ह्या पाण्याची आणि आक्कांच्या रक्ताची गाठ पडायची असते, मध्ये फक्त केसासारख्या बारीक नळ्यांची भिंत. म्हणून हे सगळं. यंत्राच्या पोटातही असेच छोटे पडदे आहेत, मिनिटामिनिटाला उघडतात, मिटतात."

गोरक्षनाथानं फाटलेला पडदा हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला. लहान मुलाच्या कानाच्या पाळीइतका मऊ. आणि ह्यावर त्यानं पान्हा चालवला होता.

नवा पडदा दांड्याला अडकवला. मोबाईलमधला माणूस सांगत होता, मैत्रेयी पुन्हा तेच मराठीत सांगत होती, गोरक्षनाथ करत होता. एक बोल्ट एकदम घट्ट करायला गेला तशी ती म्हणाली, "नाही काका, समोरासमोर. ह्याला थोडं, मग त्याला थोडं. नाहीतर पडदा एका अंगाला ओढला जाईल." त्यानं जीभ दातांत धरून थोडं थोडं केलं. मग नळ्या औषधानं धुतल्या, औषध जाईपर्यंत पाणी वाहू दिलं. मैत्रेयीनं कागदाच्या पट्ट्या बुडवून पाहिल्या, पहिल्यांदा रंग आला, म्हणून पुन्हा धुतलं, पुन्हा पाहिलं. औषधाचा मागमूस राहून चालत नाही. राहिलं तर ते थेट रक्तात. ह्या वेळी पट्टी पांढरीच राहिली.

आता फक्त चाक तपासायचं होतं. नळीचं तोंड बादलीत सोडलं. गोरक्षनाथानं चाक उघडलं, आणि ह्या खेपेला हाताला ती ओढ लागली. धार पडली. मग तो मिटवू लागला. धार बारीक झाली, सुतासारखी झाली, थेंब झाली, आणि थांबली. गोरक्षनाथाच्या मनगटातल्या शिरा तरीही ताठल्या. इतक्या वर्षांचा हात तो; त्याला पुढचं आपोआप यायचं.

मैत्रेयीनं दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली.

"पाणी थांबलं का?"

"थांबलं."

"मग हात कुणासाठी चालू आहे?"

तो स्वतःशीच हसला आणि त्यानं हात काढून घेतला. दोघं बादलीवर वाकून उभे राहिले. नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला नाही.  थेंब तसाच राहिला. त्यानं पुन्हा चाक थोडं उघडलं, थोडं मिटलं. पाणी त्याच्या बोटांमागून चालत होतं, जवळ येई, लांब जाई, सांगेल तिथे उभं राही. सगळ्या आयुष्यात त्यानं पाण्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, ये आणि थांब. हळू ये, असं आज पहिल्यांदाच सांगता आलं.

तो धावतच बाहेर गेला. जीप जवळजवळ भरली होती. एकच जागा उरली होती, आणि एक माणूस पिशवी घेऊन तिकडेच येत होता.

"आक्का, उतर. पानी आलं."

"खोटं बोलतोस."

"न्हाई. उतरून बघ."

"आन परत यंत्र बोंबललं मंग?"

"मंग मीच तुला पुढच्या जीपमधी बसवीन, आन नगरचं नाव काढनार न्हाई."

मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "अवो जा की, आत्याबाई. भाऊ एवढा घामाघूम झालाय. आन तुमी उतरलात तर मला पाय लांब करता येतील."

आक्का उतरली. रामहरीनं पिशवीवाल्याला हाक मारून तिच्या जागी बसवलं आणि उशीर झाल्यानं एक जागा मोकळी ठेवूनच जीप धुरळा उडवत निघून गेली. आता घरी जायला लवकर काही मिळणार नव्हतं. ते आक्काला कळलं होतं, आणि तरी ती उतरली होती.

खोलीत आल्यावर ती खुर्चीकडे गेली नाही. "मला दाखीव," म्हणाली. गोरक्षनाथानं मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयीनं मान डोलावली. हात बाहेरच्या बाहेर राहतो, कुणी फिरवलं तरी पाणी बाटत नाही. आक्कानं आपली सुजलेली बोटं त्या निळ्या चाकावर ठेवली आणि फिरवलं. बादलीत धार पडली. तिनं मिटवलं, धार थांबली. दिवसाला एक तांब्या पाणी पिणाऱ्या त्या बाईनं ते तीनचारदा केलं, लहान पोरीसारखं.

"लई हलकं हाय की रं," ती म्हणाली.

"हलकंच ठेवायचं असतं त्येला."

मग ती खुर्चीवर बसली. हात पुढे केला. मैत्रेयीनं सुया टोचल्या, आक्कानं नेहमीसारखं तोंड भिंतीकडे केलं. यंत्र घुरघुरलं. गोरक्षनाथ स्क्रीनकडे बघत उभा राहिला, लाल अक्षरं आता येतील, मग येतील. आली नाहीत. नळीतून गडद रक्त वर चढलं आणि फिरून परत आलं. डॉक्टर येऊन पाहून गेले. दुसऱ्या पाळीची माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरत आपापल्या जागी बसली, आणि थोड्याच वेळात चारही यंत्रं एका सुरात चालू लागली.

आक्काला झोप लागली. नगरला ती कधी झोपत नसे. परतीची एसटी चुकेल ही धास्ती तिला डोळा लागू देत नसे. जागी झाली तेव्हा खिडकीबाहेर उन्हं उतरली होती आणि चेहऱ्यावरची सूजही. विजयमाला डबा घेऊन आली होती. बाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते.

मैत्रेयीनं सुया काढल्या, कापूस दाबून धरायला सांगितला.  मग आक्कानं भावाला जवळ बोलावलं.

"गोऱ्या."

"काय, आक्का?"

"परवा किती वाजता यायचं?"

 वेळ मैत्रेयीनंच सांगितली, आणि विजयमाला आक्काच्या चपला शोधायला वाकली.